जुन्या कपड्यांच्या ढिगातून चांगले वस्त्र कसे निवडावे

जुन्या बाजारात चांगले वस्त्र मिळवायचे असेल, तर ते तिथपर्यंत कोणत्या वाटेने येते हे आधी समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रातल्या शहरांत आजही कुठे कुठे बोहारीण दारावर येते, जुन्या साड्या, सदरे, पँटी घेते आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा देते. मुंबईत या व्यवसायातल्या पुष्कळ बायका गुजराती बोलणाऱ्या वाघरी, म्हणजे आता देवीपूजक म्हणवणाऱ्या समाजातल्या आहेत. घरोघर हिंडून जमवलेले गाठोडे त्या सोडतात, कपडे वेगवेगळे करतात, धुतात, उसवलेली शिवण घालतात, तुटलेले बटण लावतात, इस्त्री करतात आणि मग ते विकायला नेतात. आपल्याला बाजारात जो नुसता ढीग दिसतो, त्यातल्या प्रत्येक कपड्यावर कोणाचे तरी कष्ट आधीच झालेले असतात.

या वाटेवर दर टप्प्याला निवड होते. नव्यासारखी दिसणारी साडी सर्वांत आधी बाजूला निघते. जरीचे लुगडे जरीच्या वजनावर भाव देणाऱ्याकडे जाते, आणि तिथे पुष्कळदा पदर-काठ जाळून त्यातली चांदी काढली जाते. फाटक्या सुती कापडाच्या यंत्रे पुसण्यासाठी चिंध्या होतात, तर लोकरीचे निकामी कपडे पानिपतसारख्या ठिकाणी पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात. म्हणजे आपण ढिगाशी पोहोचतो तेव्हा दोन-तीन जाणकार नजरा त्यावरून फिरून गेलेल्या असतात. त्या नजरा काय शोधतात? चमक, चालू फॅशन, अखंडपणा आणि जरीचे वजन. त्यांना ज्याचे मोल वाटत नाही, त्यातच आपला शोध सुरू होतो: विटलेल्या रंगाचे पण तलम सूत, मंद दिसणारे टसर म्हणजे रानरेशीम, बंद पडलेल्या गिरणीचे कापड, अस्तर फाटलेला पण उत्तम लोकरीचा कोट, बारीक काठाचे साधे दिसणारे नऊवारी. मी गेली कित्येक वर्षे अशा बाजारांत हिंडते आहे, आणि मला मिळालेल्या चांगल्या वस्तूंपैकी जवळजवळ प्रत्येक वस्तू ढिगात मळकट, चुरगळलेली आणि कोणीही न उचललेली अशीच होती.

कुठे आणि केव्हा जावे

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार प्रसिद्ध आहे. तिथल्या मटण स्ट्रीटवरची दुकाने जुन्या लाकडी सामानासाठी आणि शोभेच्या वस्तूंसाठी ओळखली जातात, परंतु शुक्रवारी ती बंद असताना पहाटेपासून रस्त्यावर जो जुम्मा बाजार बसतो, त्यात कपडे आणि पादत्राणे पुष्कळ असतात. दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी रघुबीर नगरातली घोडा मंडी एकदा पाहावीच, कारण बोहारणींनी गोळा केलेला माल तिथे अगदी पहाटे, उजाडण्याच्या आधीपासून घाऊक भावाने विकला जातो. रस्त्यावरच्या बाजारांच्या जागा आणि वेळा पालिकेच्या कामांमुळे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी कोणाकडून तरी खात्री करून घ्यावी. फॅशन स्ट्रीटसारखे बाजार यात धरू नयेत. तिथला माल निर्यातीतून उरलेला, म्हणजे नवा असतो, आणि त्याची पारख वेगळी असते.

वर्षातल्या वेळेचाही विचार करावा. दिवाळीच्या आधी घरोघरी आवराआवर होते आणि कपाटांतले गाठोडे बोहारणीकडे जाते, त्यामुळे दिवाळीनंतरच्या काही आठवड्यांत बाजारात माल भरपूर असतो. पावसाळ्यात मात्र माल कमी, ओलसर आणि बुरशी धरलेला असतो, आणि ढगाळ उजेडात डाग दिसत नाहीत. त्या दिवसांत मी जात नाही. दिवसातली वेळ विचाराल तर सकाळची. निवडीला वाव असतो, ऊन तिरपे असल्यामुळे कापडाचा पोत उठून दिसतो, आणि विक्रेत्याशी दोन शब्द बोलायला त्यालाही सवड असते.

सोबत फार काही लागत नाही. शिंप्याची टेप, एक लहान भिंग, पांढरा सुती रुमाल, पाण्याची बाटली, कापडाची मोठी पिशवी आणि सुटे पैसे एवढे पुरे. घरून निघताना आपल्याला नीट बसणाऱ्या एका सदऱ्याची किंवा कुर्त्याची खांदा, छाती, बाही आणि उंची ही मापे कागदावर लिहून घ्यावीत, कारण रस्त्यावर कपडा घालून पाहायची सोय नसते आणि जुन्या कपड्यावर लिहिलेल्या मापावर विसंबता येत नाही: वर्षानुवर्षांच्या धुण्याने सूत आटलेले असते, आणि पूर्वीच्या मालकाने तो कपडा आपल्या अंगाप्रमाणे आत-बाहेर करून घेतलेला असू शकतो.

आधी हात, मग डोळे

ढिगासमोर उभे राहिल्यावर डोळा रंगाकडे धावतो, आणि तिथेच चूक होते. पहिल्या फेरीत कपडे उचलू नयेत. ढिगाच्या कडेने हात आत घालून बोटांनी कापड चाचपत जावे. पॉलिएस्टर गुळगुळीत, किंचित चिकट आणि उकाड्यात कोमट लागते. सूत कोरडे लागते आणि बोटांत धरून दाबले की त्याला सुरकुती पडते. लिनन सुतापेक्षा गार लागते आणि त्याच्या सुरकुत्या अधिक टोकदार असतात. रेशीम हाताच्या उबेने लगेच उबदार होते आणि मुठीत दाबून सोडले की हळूहळू उलगडते. टसराला किंचित खरबरीत, दाणेदार पोत असतो, आणि त्याची चमक अंगावर न येणारी असते. रेयॉन मात्र फसवते: ते रेशमासारखे लोळते, सुतासारखे सुरकुतते, आणि ओले झाले की त्याची ताकद बरीच कमी होते. हे फरक वाचून कळतात, पण हाताला कळायला सराव लागतो. घरातल्या कपाटात ज्यांचे कापड आपल्याला निश्चित माहीत आहे असे दहा-बारा कपडे घ्यावेत आणि डोळे मिटून चाचपावेत. आठवडाभर रोज दहा मिनिटे हे केले, तर बाजारात हात आपोआप थांबायच्या ठिकाणी थांबतो.

शंका राहिलीच तर धागा जाळून पाहण्याची जुनी कसोटी आहे, परंतु ती बाजारात करू नये. कपडा विकत घेतल्यावर, घरी, शिवणीच्या आतल्या भागातला एखादा धागा काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर जाळावा. सूत कागदासारखे भुरभुर जळते आणि मऊ राखाडी राख उरते. रेयॉनही तसेच जळते, म्हणून या दोघांतला फरक अशाने कळत नाही. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती बहुधा विझतात, आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरता येतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा टणक मणी होतो, जो चुरला जात नाही. मिश्र कापडात ही लक्षणे एकत्र दिसतात. ‘जुने म्हणजे सुती’ असा समज करून घेऊ नये, हेही इथेच सांगते. १९७०च्या दशकात टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचे मिश्र कापड, घराघरांत पोहोचले होते, आणि त्या काळातले पुष्कळ सदरे सुती वाटले तरी तसे नसतात.

साड्या आणि लुगडी

माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या बाजारातला सर्वांत श्रीमंत भाग हा साड्यांचा आहे, आणि त्यातही नऊवारी लुगड्यांचा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास अखंड कापड. आता नऊवारी नेसणाऱ्या बायका थोड्या राहिल्या, आजी गेल्यावर तिची लुगडी कोणी नेसत नाही, आणि कापड कितीही चांगले असले तरी त्याला रोजचे गिऱ्हाईक नसते. म्हणून ती ढिगात येतात, आणि पाचवारीच्या मानाने स्वस्त मिळतात.

इरकली लुगडे ओळखायला सोपे. ते कर्नाटकातल्या इळकल गावचे. अंग बहुधा सुती, आणि पदर लाल, त्यावर पांढऱ्या रंगात देवळाच्या शिखरांसारखे दाते. अस्सल इरकलीत पदराचा ताणा (उभे धागे) आणि अंगाचा ताणा वेगवेगळा असतो आणि दोन्ही धाग्यांचे फास एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. या जोडणीला कोंडी म्हणतात. पदर जिथे सुरू होतो तिथे बोट फिरवले की ती जोडरेघ हाताला लागते, आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना उभ्या धाग्यांचा रंग बदललेला दिसतो. छापलेल्या नकलेत असे काही नसते. तिथे पदर उलटा केला की रंग फिका पडतो. जुन्या इरकलीचे अंग विरलेले असले तरी पदर आणि काठ पुष्कळदा धड असतात. असे लुगडे मी नेसण्यासाठी घेत नाही, पण काठ-पदरासाठी आनंदाने घेते.

पैठणीची पारख करताना साडी आधी उलटी करावी. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीत पदरावरचा मोर, पोपट, कमळ किंवा वेल विणताना विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची लहान कांडी, वापरतो आणि शेजारच्या रंगाचा धागा त्या जागीच एकमेकांत गुंतवतो. त्यामुळे पदर आणि काठ दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखेच दिसतात. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत लोंबते किंवा कापलेले धागे असतात. येवल्यात जॅकार्डवरही, म्हणजे नक्षीसाठी मागावर बसवलेल्या यंत्रावरही, हातमागाचे काम होते आणि तिथे अंगावरच्या नक्षीची मागची बाजू वेगळी दिसू शकते, म्हणून निर्णय पदरावरून आणि काठावरून करावा. खऱ्या जुन्या पैठणीची नक्षी भिंगाखाली किंचित पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि दोन मोर तंतोतंत एकसारखे नसतात. हा फरक म्हणजे विणणाऱ्याच्या हाताची खूण आहे.

विदर्भातल्या करवतकाठी साडीकडे मात्र बाजाराचे फारसे लक्ष जात नाही, आणि मला त्याचे वाईट वाटते. टसराचे, मधासारख्या किंवा मातकट रंगाचे अंग आणि काठावर करवतीच्या दात्यांसारखी ओळ, असे तिचे रूप. टसराची मंद चमक ढिगात धुळीसारखी दिसते. पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा मला असे लुगडे सुती म्हणून दीडशे रुपयांना मिळाले. विक्रेत्याला ते विटके वाटत होते. काठ उजेडाला धरला तेव्हा दात्यांच्या टोकाशी काठाचा रंगीत धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत गुंतलेले स्पष्ट दिसले. ते मी आजही नेसते. नारायणपेठ साड्यांबाबतही हेच: बारीक चौकडी, काठावर शिखरे, आणि अंगाला हलका असा पोत. रंग विटला असेल तरी वीण तपासल्याशिवाय ती बाजूला टाकू नये.

हातमागाची आणखी एक खूण म्हणजे दोन्ही काठांच्या अगदी कडेला ठरावीक अंतरावर दिसणारी बारीक भोके. मागावर कापडाची रुंदी ताणून धरण्यासाठी जी टोकदार खिळ्यांची काठी लावतात, तिची ती भोके असतात. यंत्रमागावरही अशा खुणा उमटू शकतात, त्यामुळे एवढ्यावरून निवाडा करू नये. विणीतली किंचित असमानता आणि काठ-अंगाची गुंफण यांच्याबरोबर ती भोके दिसली, तर मात्र विश्वास ठेवायला हरकत नाही. हातमागाचे किंवा रेशमाचे प्रमाणचिन्ह जुन्या साडीवर शोधू नये. सिल्क मार्क २००४ साली आणि हँडलूम मार्क २००६ साली सुरू झाला; त्याआधीच्या साडीवर ते असणे शक्यच नाही.

जरीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिला सोन्याचा मुलामा असतो. त्याखालच्या प्रतीत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा देतात, आणि हल्लीच्या स्वस्त जरीत तर धातूचा थर दिलेली प्लास्टिकची पट्टी असते. पदराच्या टोकाला सुटलेला जरीचा धागा मिळाला तर तो भिंगाखाली उलगडून पाहावा. आत लाल किंवा पिवळसर रंगवलेले रेशीम दिसले तर आशा धरावी. चांदीची जरी जुनी झाल्यावर करडी-काळपट होते. तांब्याची जरी तांबूस पडते आणि कधी तिच्यावर हिरवट छटा येते. प्लास्टिकची जरी काळी पडत नाही, तिचे पापुद्रे सुटतात. काळपट दिसते म्हणून नाकारलेली साडी म्हणूनच पुन्हा एकदा हातात घ्यावी. आणि माझी एक कळकळीची विनंती आहे: अशी साडी हाती लागली, तर चांदीच्या भावात ती किती होईल याचा हिशेब करू नका. तिचा पदर विणायला कोणीतरी महिनोन्‌महिने मागावर बसले होते, आणि भट्टीतून जी चांदी बाहेर येते तिच्यात त्या कामाचा अंशही उरत नाही.

कोणती हानी दुरुस्त होते आणि कोणती नाही

मन जडले की डोळा दोष पाहायचे टाळतो. म्हणून कपडा आवडल्यावर तो न बोलता उजेडाला धरावा, आणि पूर्ण उलगडून धरावा. सहा किंवा नऊ वारांची साडी बाजारात उलगडणे अवघड वाटते, पण बरोबर कोणी असेल तर दोघांनी मिळून दोन मिनिटांत होते, आणि चांगला विक्रेता त्याला कधी नाही म्हणत नाही. उजेडात कापड जिथे पातळ दिसेल तिथे ते विरलेले आहे. साडीत नेहमी विरणाऱ्या जागा म्हणजे निऱ्यांची खालची कड, खांद्यावरचा पदर आणि बसताना घासला जाणारा मागचा भाग.

रेशमाच्या बाबतीत घडीची रेघ सर्वांत आधी पाहावी. वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेले रेशीम त्या रेघेवर तुटते. वरून अखंड दिसते, पण दोन्ही हातांनी हलकेच ताणले की चिरत जाते. पूर्वी रेशीम जड भासावे म्हणून त्याला धातूचे क्षार पाजण्याची रीत होती, आणि असे रेशीम काही दशकांनी उभ्या-आडव्या चिरांनी आपोआप फाटू लागते. यावर कोणताही उपाय नाही. रफू करावा तर सुई ओवली जाते तिथेच नवी चीर पडते. मी एकदा एक जांभळा रेशमी शालू केवळ रंगासाठी घेतला, घरी आणून पहिल्यांदा नेसताना तो तीन घड्यांवर उभा फाटला, आणि तेव्हापासून ताणून पाहिल्याशिवाय मी रेशीम घेत नाही. ताणताना जोर लावू नये. दोन्ही हातांत चार बोटांचे अंतर ठेवून, आधी उभ्या आणि मग आडव्या दिशेने, पान उलटण्याइतक्याच ताकदीने ताणावे, आणि त्याआधी विक्रेत्याला सांगावे.

सुती कापडात खळ लक्षात घ्यावी. कडक इस्त्री आणि भरपूर खळ असलेले कापड भक्कम वाटते, पण ती खळ पहिल्या धुण्यात जाते आणि खाली जाळी उरलेली असते. कापड बोटांत चोळून खळ मोडली की खरा पोत कळतो. कसरीने खाल्लेली बारीक भोके लोकरीत आणि रेशमात असतात. एखाद-दुसरे भोक रफूने बुजते, परंतु भोके विखुरलेली असतील तर आत अंडी असण्याची शक्यता असते आणि ती घरातल्या इतर कपड्यांपर्यंत जातात.

डागांचे थोडे वेगळे गणित आहे. हळदीचा डाग उन्हात बराच उतरतो. पांढऱ्या सुतावरचा लोखंडाचा डाग लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवला की फिका होतो. तेलाचा डाग ताजा असेल तर भांड्यांच्या साबणाने जातो, जुना पिवळा पडलेला सहसा जात नाही. काखेतला घामाचा पिवळा कडक डाग आणि बुरशीचे काळे तीळ यांच्यावर मी वेळ घालवत नाही, कारण तिथे धागाच खाल्ला गेलेला असतो. रंग उतरतो का हे पाहण्यासाठी पांढऱ्या रुमालाचे टोक ओले करून शिवणीच्या आत दाबावे. आणि वास घ्यावा. डांबराच्या गोळ्यांचा वास हवेवर ठेवल्यावर काही दिवसांत कमी होतो. ओलसर, कुबट वास मात्र कापडाच्या अंगात मुरलेला असतो.

शिवलेले कपडे आणि त्यांच्यावरची अक्षरे

शिवलेला कपडा आधी उलटा करावा. शिवणीच्या आत दोन-तीन सेंटिमीटर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असेल, टीप बारीक आणि सरळ असेल, काजे भरगच्च भरलेली असतील, चौकडीच्या कापडात खिशाची चौकट अंगाच्या चौकटीशी जुळलेली असेल, तर तो कपडा काळजीने शिवलेला आहे असे समजावे. माया असेल तर तो वाढवता येतो, आणि कंबर किंवा उंची कमी करणे हे कोणताही शिंपी करतो. खांदा मात्र बसलाच पाहिजे. कोटाचा खांदा बदलणे म्हणजे कोट पुन्हा शिवण्यासारखे आहे आणि त्याची मजुरी कोटाच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

कोटाच्या छातीचे वरचे कापड आणि आतले कापड दोन बोटांत वेगवेगळे धरून पाहावे. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना जाणवला, तर तो टाके घालून बसवलेला कॅनव्हास आहे आणि असा कोट दीर्घकाळ टिकतो. तो थर चिकटवलेला असेल आणि कॉलरवर किंवा छातीवर फुगवटे आले असतील, तर कोट सोडावा. ते फुगवटे इस्त्रीने बसत नाहीत. अस्तर फाटके असल्यास बिचकू नये. अस्तर बदलता येते, आणि त्याच कारणाने कोट स्वस्त मिळतो.

कपड्यावरची अक्षरे वाचायची सवय लावून घ्यावी. मला तर ढिगात सर्वांत अधिक आनंद याचाच होतो. कोटाच्या आतल्या खिशावर शिंप्याच्या दुकानाची पट्टी असते. तिच्यावर मुंबईचा पत्ता नुसता ‘बॉम्बे ४’ असा एक-दोन अंकी विभागाचा असेल, तर तो कोट बहुधा १९७२च्या आधीचा, कारण सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ असेल तर तो बहुधा १९९५ नंतरचा. परदेशातून कोणी आणलेल्या कपड्यावर पश्चिम जर्मनीचे नाव असेल तर तो जर्मनीच्या १९९०च्या एकीकरणापूर्वीचा. लोकरीचे वूलमार्क चिन्ह १९६४ साली आले. लिव्हाइसच्या जीन्सच्या लाल पट्टीवरच्या नावात इंग्रजी ‘ई’ मोठ्या अक्षराची असेल तर ती साधारण १९७१ पूर्वीची मानतात, मात्र या पट्टीच्या नकला पुष्कळ असल्याने तेवढ्यावर पैसे मोजू नयेत.

आणि न शिवलेले कापड! सदऱ्याचे किंवा पँटचे तुकडे, पोलक्याचे खण, कोणीतरी लग्नात आहेर म्हणून दिलेले आणि कधीच न शिवलेले कापड गाठोड्यांतून येते. त्याच्या काठावर गिरणीचा शिक्का असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, त्यामुळे खटाव गिरणीची व्हॉइल किंवा एखाद्या बंद गिरणीचे पॉपलीन शिक्क्यासह मिळाले तर ते अवश्य घ्यावे. ते कापड अंगाला चांगले असतेच, पण गिरणगावातल्या ज्या हातांनी ते काढले त्यांच्या कामाचा एवढाच पुरावा पुष्कळ घरांत उरला आहे. शिवायला देताना शिक्क्याची पट्टी कापून टाकू नका, असे शिंप्याला सांगावे; मी ती आतल्या बाजूला, शिवणीत ठेवून घेते.

भाव करताना

घासाघीस होणार हे दोघांनाही माहीत असते, परंतु ती सभ्य असावी. आधी दोष दाखवून भाव पाडायची सवय बरी नव्हे. त्याऐवजी आपण दुरुस्तीला किती खर्च करणार आहोत ते मनाशी धरावे आणि तेवढे वजा करून एकच रक्कम सांगावी. तीन-चार कपडे एकत्र घेतले तर भाव आपोआप उतरतो. ‘ताई, शेवटचे किती?’ असे एकदा विचारावे आणि पटले नाही तर आभार मानून पुढे जावे. मी एकाच बाईकडे वारंवार जाते. आता ती जुनी सुती लुगडी माझ्यासाठी वेगळी काढून ठेवते, आणि तिने ठेवलेल्या मालावर मी घासाघीस करत नाही. एखादी वस्तू विक्रेत्याच्या समजुतीपेक्षा फारच मोलाची आहे हे आपल्याला कळले, तर दोन पैसे अधिक द्यावेत असे मी मानते. करवतकाठी लुगड्याच्या वेळी मी तसे केले आणि ते टसर आहे हेही त्या बाईला सांगितले, म्हणजे पुढच्या वेळी तिचे नुकसान होणार नाही.

फोनवर छायाचित्रे पाहून जुने कपडे घेण्याची पद्धत आता वाढली आहे. तिथे हाताचा उपयोग नसतो, म्हणून उजेडाला धरलेल्या कापडाचे, उलट्या बाजूचे, घडीच्या रेघेचे आणि काखेच्या शिवणीचे छायाचित्र मागावे, आणि सेंटिमीटरमध्ये मापे मागावीत. ही छायाचित्रे द्यायला टाळाटाळ झाली तर खरेदी करू नये.

घरी आणल्यावर

आणलेले गाठोडे थेट कपाटात किंवा पलंगावर ठेवू नये, कारण शिवणीत ढेकूण किंवा कसर असू शकते. सुती कपडे चांगल्या गरम पाण्यात, साठ अंशांच्या जवळपास, धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. रंग उतरणारे असतील तर वेगळे. लोकरीचे कपडे गरम पाण्यात आटतात, म्हणून ते हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावेत आणि मग ब्रशने झटकावेत. रेशीम रिठ्याच्या पाण्यात, न चोळता, बुडवून काढावे आणि सावलीत वाळवावे. खऱ्या जरीचे वस्त्र घरी धुऊच नये, सावलीत वाऱ्यावर दोन-तीन दिवस ठेवावे. कपडे पांढरे करायचे क्लोरीनचे द्रावण रेशमाला आणि लोकरीला कधीही लावू नये, त्याने धागाच विरघळतो.

जरीची आणि रेशमी वस्त्रे जुन्या मऊ मलमलीत गुंडाळावीत, सोबत वेखंडाचा तुकडा किंवा सुकी कडुनिंबाची पाने पुरचुंडीत बांधून ठेवावीत, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी. डांबराच्या गोळ्या थेट कापडावर ठेवू नयेत. जी साडी आता नेसण्याजोगी उरली नाही, तिचा धड पदर ओढणीला किंवा उपरण्याला, काठ पोलक्याच्या बाहीला आणि खणाला लावता येतो, आणि अंगाचे विरलेले मऊ सूत वाकळीच्या आतल्या थरांसाठी राखून ठेवावे. वाकळ शिवणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांच्याकडे कापड नेताना ते धुतलेले, वाळलेले आणि हुक-बटणे काढलेले असावे, म्हणजे सुई अडत नाही.